दादाची गाडी कुठून गळते

हुडकेश्वर, नागपूर
१९ मे

आदरणीय दादास,
बेबीचा सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण उत्तर मला पाठ आहे. दर रविवारी तू फोनवर "मस्त आहे, एकदम मस्त" असं ओरडून सांगतोस. मागून सूनबाई मिनलची मीटिंग, अश्विनचं खेकसणं आणि ज्यूस काढायच्या कुठल्याशा मशीनची घरघर ऐकू येते, आणि आपण दोघं बहीणभाऊ बेंगळुरूच्या आणि नागपूरच्या हवेवर सात मिनिटं बोलून फोन ठेवतो. तू फोन स्पीकरवर लावतोस. (चौदाव्या मजल्यावर राहायला गेलं की माणसाला खासगी असं काही बोलायचं उरत नाही, अशी तुझी समजूत झालेली दिसते.) म्हणून हे पत्र. पोस्टातल्या मुलीनं मला दोनदा विचारलं, "मावशी, आत कागदपत्रं आहेत का?" मी म्हटलं, "नाही, पत्र आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कबुतर घेऊन आले आहे. तर पत्र हातात पडलं की खोलीचं दार लावून वाच. वाचताना ओठ हलवायची तुझी जुनी खोड आहे, तीही आजचा दिवस आवर.

इकडे मी ठीक आहे. ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं आहे, कूलर घडघड करतो आणि हवा सोडून बाकी सगळं देतो. गुडघे जागच्या जागी आहेत. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर झाली. पातळ होती. तू असतास तर कमिटीशी भांडला असतास, तू नव्हतास म्हणून सगळ्यांनी गोड मानून पिऊन टाकली.

आता मुद्द्यावर येते. तुझी गाडी गळते.

'तुझी' असं मुद्दाम लिहिलं आहे. फेब्रुवारीत तू ती माझ्या अंगणात आणून उभी केलीस, चावी माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, "बेबी, मले आता गाडी कायले लागते? तू ठेव. इंदूबाईले दवाखान्यात न्यायले कामी पडन." डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. भाऊ असावा तर असा, हे मी आमच्या सगळ्या रिटायर्ड सिस्टर्सना फोन करून सांगितलं. (दोघींनी आपापल्या भावांशी त्या दिवसापासून बोलणं कमी केलं आहे. ते पाप तुझ्या माथी.) डिक्कीत कूलंटच्या दोन बाटल्या होत्या, इंजिन थंड ठेवायचं ते हिरवं पाणी. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, "असू दे." कळमेश्वरच्या एमआयडीसीत तीस वर्षं काढून फोरमन म्हणून रिटायर झालेला माणूस डिक्कीत दोन बाटल्या ठेवतो आणि "असू दे" म्हणतो, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण त्या वेळी मी भावनेच्या भरात होते. वॉर्डात बत्तीस वर्षं भावनेच्या भरात न राहता काढली, आणि घरच्या माणसानं फसवलं.

मार्चभर गाडी ठीक चालली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी इंदूबाईला घेऊन धंतोलीला दवाखान्यात जाते, हे तुला माहीत आहे. माझ्या वॉर्डात ती तीस वर्षं आया होती, आता तिच्या किडन्या गेल्या आणि तिला डायलिसिसच्या खुर्चीत बसावं लागतं. तिला दिवसाला लिटरभरच पाणी, तेही मोजून. आणि तुझी गाडी! बॉनेट उघडलं की कूलंटची ती पांढरी प्लास्टिकची बाटली रिकामी झालेली. भरावी, तीन दिवसांत पुन्हा खाली. एप्रिल लागला तसं रोज सकाळी भरू लागले. इंदूबाई फाटकाशी उभी राहून बघायची. एके दिवशी न राहवून म्हणाली, "वा वं सिस्टर, हिले घटाघटा पाजता अन् मले घोट मोजून देता." बरं, एवढं पाणी पिऊन गाडीखाली एक थेंब नाही. फरशी कोरडी. मी पुठ्ठे अंथरले, त्यावर तारखा टाकल्या. पुठ्ठे कोरडे. पेशंट पितो आहे आणि बाहेर काही टाकत नाही, अशी केस आमच्याकडे आली की डॉक्टर धावत यायचे. इथं धावत कोणी आलं नाही. आले ते चालत, हात मागं बांधून, वामनराव.

वामनराव आमचे शेजारी. पाटबंधारे खात्यातून रिटायर. उभ्या आयुष्यात त्यांनी सायकलचं पंक्चर काढलं नाही, पण कोणाच्याही गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज त्यांना तीन घरं पलीकडून ऐकू येतो. येऊन ते इंजिनाकडे असं बघतात, जणू लग्नाचं स्थळ बघायला आले आहेत. हात लावत नाहीत. वाकत नाहीत. मग निकाल देतात. "सिस्टर, हे हेड गॅस्केट गेलं. माह्या साळ्याच्या गाडीचं असंच झालं होतं." मी विचारलं, हेड गॅस्केट कुठं असतं? ते म्हणाले, "आतमंधी." एवढं ज्ञान. पेशंटला हात न लावता, चादर न उचलता, दारातून निदान करणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत, पण त्यांना निदान पगार मिळायचा.

मग तो शुक्रवार आला. इंदूबाई शेजारी, साडेसातची वेळ, आठचा तिचा नंबर. पुलाच्या चढावर काटा लालकडे सरकला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि इंदूबाई शांतपणे म्हणाली, "सिस्टर, गाडी पेटून राहिली का?" मी कडेला घेतली, बंद केली, तिला उतरवलं. आणि दादा, नागपूरचे पुरुष! कुठं होते एवढा वेळ कोण जाणे, दोन मिनिटांत नऊ जण गोळा. कोणी म्हणे पाणी टाका, कोणी म्हणे टाकू नका, एकजण गाडीच्या जन्मसालावर बोलू लागला. एक हेल्मेटवाले सद्गृहस्थ हाताला रुमाल गुंडाळून थेट रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. उकळत्या रेडिएटरचं झाकण! मी वॉर्डातल्या आवाजात ओरडले, "हात मागे!" ते असे मागे झाले की हेल्मेट घरंगळलं. वाफेनं सोलपटलेले हात मी किती धुतले आणि किती बांधले, ते त्यांना ऐकवलं. त्यांना राग आला. म्हणाले, मदत करायला आलो तर ही बाई डाफरते. हो, डाफरते. मलमपट्टीपेक्षा डाफरणं केव्हाही स्वस्त पडतं.

पण इंदूबाईचा नंबर गेला. ऑटोनं पोचवलं तोवर खुर्चीत दुसरा पेशंट बसला होता. तिला उशिरा घेतलं आणि तासभर आधी उठवलं. दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजून चपलेत जाईनात. त्या दिवशी ठरवलं, हिला आता ऑटोच्या भरवशावर सोडायचं नाही, आणि ह्या गाडीचं दुखणं शोधल्याशिवाय बसायचं नाही.

आधी रीतसर चौकातल्या रविंद्रच्या गॅरेजात नेली. नेताना तापू नये म्हणून वामनरावांनी उपाय सांगितला: हीटर फुल लावा, म्हणजे इंजिनाची गरमी आत येते. (हा उपाय बरोबर आहे. त्यांच्या तोंडून निघालेली ती एकमेव बरोबर गोष्ट, त्यामुळे इथं नोंद करते.) तर एप्रिल महिना, त्रेचाळीस डिग्री, आणि मी गाडीत हीटर लावून बसलेली. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा माणूस डोक्याला दुपट्टा बांधून माझ्या खिडकीशी आला, त्याला एसीची झुळूक लागेल असं वाटलं असावं. जी लागली त्यानं तो बिचारा सिग्नल तोडून पळाला.

रविंद्रनं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, एक रेस दिली, बॉनेट लावलं. "मॅडम, इंजन खोलना पडेगा." मी म्हटलं, गळतं कुठून ते आधी दाखव. तो म्हणाला, "अंदर ही अंदर पी रही है." मी म्हटलं, मग सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला हवा, तेलात पाणी दिसायला हवं. (हे मी आदल्या रात्री मोबाइलवर शिकले होते. तेलाची काडी काढून पाहिली होती, तेल चांगलं काळंभोर होतं.) त्यावर त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. आपल्या धंद्यातलं समोरच्याला थोडं कळतं आहे असं दिसलं की माणूस दयेनं बघू लागतो, हे सर्जनपासून मिस्त्रीपर्यंत सगळ्यांना लागू आहे. शेवटी साधं नळाचं पाणी भरून म्हणाला, "चलाके देखो." चलाके देखायला मी त्याच्याकडे गेले नव्हते.

तुझ्या चिरंजीवांनाही फोन केला होता. तू तेव्हा खाली फिरायला गेला होतास. अश्विन म्हणाला, "आत्या, काढून टाक ना." एवढंच. ह्या पिढीला हे दोनच शब्द शिकवून शाळेतून सोडलं आहे. टीव्ही बिघडला, काढून टाक. घर मोठं झालं, भाड्यानं देऊन टाक. बाबा एकटे झाले, इकडे आणून टाक. मी म्हटलं, बाळा, काढून टाकायला ती काय अक्कलदाढ आहे? तो हसला. पोरगा वाईट नाही, तू त्याला वाईट वाढवलंस एवढंच.

आता हळदीचं ऐक. मी दुपारी जरा पडले होते, उठून बघते तर वामनराव माझ्या अंगणात, हातात त्यांच्या स्वयंपाकघरातला डबा, आणि रेडिएटरच्या तोंडात ते मूठ मूठ हळद टाकत आहेत. मी विचारलं, "हे काय करून राहिले जी?" म्हणाले, "हळद फुगते अन् भोक बुजवते. जुना इलाज आहे, सिस्टर. ट्रकवाले हेच करतात." मी म्हटलं, तुमच्या साळ्याच्या गाडीत टाकली होती का? ते म्हणाले, हो. मग काय झालं? "मंग त्यानं इकली." विकली! निदानही त्यांचं, इलाजही त्यांचा, आणि पेशंट विकून टाकलेला. पांढऱ्या बाटलीतलं पाणी पिवळंजर्द. आधीच हिला पाणी पुरेना, त्यात आता कावीळ झाली.

पण दादा, न्यायाला धरून लिहायचं तर त्या हळदीनं काम केलं. भोक बुजलं नाही, भोक सापडलं.

झालं असं की मी ठरवलं, आता पेशंट माझा. सगळ्यांना बाहेर काढायचं आणि पहिल्यापासून तपासायचं. घरासमोर सहा महिन्यांपासून नालीसाठी खणून ठेवलेला लांबट खड्डा आहे. ज्यांनी खणला ते पुन्हा फिरकले नाहीत, आजवर त्याचा उपयोग फक्त कुत्र्यांना झाला. मी गाडी सावकाश अशी उभी केली की दोन चाकं ह्या काठावर, दोन त्या काठावर. काठाची जमीन टणक आहे, आधी पहारीनं ठोकून पाहिली. चाकांना पुढून-मागून विटा. गाडी पूर्ण थंड झाली तेव्हा वरून आणि खालून सगळ्या रबरी नळ्यांवर टाल्कम पावडर मारली, बाळाला मारतात तशी, दणकून. मग इंजिन चालू करून काटा मधोमध येईस्तोवर थांबले, बंद केलं, चावी कमरेला खोचली (दुसऱ्याच्या हाती चावी देऊन मशीनखाली जाऊ नये, हे तूच शिकवलंस), आणि वॉर्डातलं जुनं रबरी कापड अंथरून, टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरले. वय वर्षं त्रेसष्ट. साडी वर खोचलेली. आमच्या लेआउटमधल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं, सिस्टर नालीत पडल्या. वामनराव काठावर उभं राहून जमलेल्यांना सांगू लागले, "पडल्या नाही, त्या हेड गॅस्केट पाहून राहिल्या."

आणि मला दिसलं. रेडिएटरच्या खालच्या अंगाची जाड नळी, पावडरीनं पांढरीशुभ्र, आणि तिच्यावर एक पिवळा ओघळ, कडेला तांबूस. हळदीचा. नळीला बोटाच्या पेराएवढी चीर होती. थंड असताना ती चीर मिटलेली, म्हणून फरशी कोरडी. इंजिन तापलं, आत दाब चढला की ती ओठासारखी उघडायची आणि पाण्याची बारीक पिचकारी गरम लोखंडावर उडून जागच्या जागी वाळायची. खाली थेंब पडणार कसा? मी खड्ड्यात बसून एकटीच हसले. बत्तीस वर्षांत एवढं सुंदर निदान मी केलं नव्हतं, आणि राउंडला एकही डॉक्टर हजर नव्हता.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. जखम आहे, पण झाली कशानं? नळी जुनी होती, पण कुजलेली नव्हती. तिला रेडिएटर धरून ठेवणारी लोखंडी पट्टी घासत होती. ती पट्टी आत वाकली होती. आपोआप वाकत नाही अशी पट्टी, दादा. ती पुढून धक्का बसल्याशिवाय वाकत नाही. मी टॉर्च पुढं नेला. बंपर बाहेरून धड, प्लास्टिकचा, दाबला तरी पुन्हा उसळून जागेवर येणारा. पण त्याच्या खालच्या कडेला, जिथं कोणी वाकून बघत नाही तिथं, निळा रंग चोपडलेला होता. ऑइल पेंटचा निळा. आणि मग मला पुढची नवीकोरी नंबर प्लेट आठवली, जिचं मी फेब्रुवारीत कौतुक केलं होतं.

आपल्या लेआउटमध्ये असा निळा एकाच ठिकाणी आहे. विहाराच्या कंपाउंडच्या भिंतीला.

जानेवारीत ती भिंत कोणीतरी पाडली होती. पाण्याच्या टँकरवाल्यानं पाडली, असं सगळ्यांना कोणी सांगितलं? तू. सव्वीस जानेवारीला विहारात कार्यक्रम झाला, त्यात भिंत पुन्हा बांधून दिल्याबद्दल दानशूर म्हणून कोणाचा शाल देऊन सत्कार झाला? तुझा. आणि शाल पांघरून दहा मिनिटं टँकरवाल्यांच्या बेजबाबदारपणावर भाषण कोणी ठोकलं? "ज्यानं हे केलं त्याले समोर याची हिंमत नाही," असं म्हणालास तू माइकवर! पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी. त्या टाळ्या मी आता परत मागते. खड्ड्यात बसल्या बसल्या मला इतका राग आला की वर काठावर वामनराव "काय दिसलं, सिस्टर?" असं विचारत होते आणि मी "हेड गॅस्केट" असं उत्तर दिलं. ते एवढे खूश झाले की घरी जाऊन त्यांनी चहा पाठवला.

दुरुस्ती तुला सांगायलाच हवी, नाहीतर तुझ्यासारख्या फोरमनला रात्री झोप येणार नाही. पाणी सगळं तसराळ्यात काढलं. (त्यावर झाकण ठेवलं. चवीला ते गोड लागतं आणि कुत्री पितात, मरतात.) नळीच्या दोन्ही तोंडांच्या क्लिपा गंजल्या होत्या, एक पकडीनं निघाली, दुसरीनं माझ्या करंगळीचं नख घेतलं. जुनी नळी पिशवीत घालून दुकानात नेली आणि तिच्याच मापाची नवी आणली. दुकानदारानं विचारलं, "मिस्त्री कुठं आहे?" मी म्हटलं, "समोर उभा आहे." वाकलेली पट्टी लांब पान्याच्या दांड्यानं हळूहळू बाहेर ओढली, आणि पुन्हा घासू नये म्हणून तिच्यावर जुन्या नळीचाच एक तुकडा चिरून बसवला. हळद जाईस्तोवर साधं पाणी भरून, चालवून, थंड करून, काढून, असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. मग नवं कूलंट. आत अडकलेली हवा काढायला हीटर पुन्हा फुल लावून पंधरा मिनिटं उभी ठेवली, ह्या वेळी मी बाहेर सावलीत बसून. मागच्या मंगळवारी इंदूबाईला नेलं. काटा मधोमध, चढावर, सिग्नलला, जाता-येता. आठच्या ठोक्याला ती खुर्चीत होती. येताना बराच वेळ काट्याकडे बघून म्हणाली, "आता हिचंही पाणी मोजून झालं." आणि तिच्या पद्धतीनं हसली, म्हणजे तोंड न हलवता.

रविंद्रला मुद्दाम गाडी दाखवायला नेली. तो म्हणाला, "पाइप था क्या? मैंने बोला था पाइप होगा." अशा माणसांना उत्तर देण्यापेक्षा हॉर्न दिलेला बरा. तो दिला.

आता तुझं. मला राग येऊन गेला, दादा. आठ दिवस पुरला. मग एका संध्याकाळी मी विहाराशी गेले आणि त्या भिंतीकडे बघत उभी राहिले. नव्या विटांचा भाग अजून ओळखू येतो. त्या भिंतीला पाठ लावून लेआउटमधली पोरं रोज संध्याकाळी क्रिकेट खेळतात. दोघं-तिघं तर भिंतीला टेकून आपली पाळी यायची वाट बघत बसतात. त्या दिवशी तिथं कोणी नव्हतं म्हणून भिंतीवर भागलं. तुला हे त्याच क्षणी कळलं असणार. तुला भिंत दिसलीच नाही, की पाय ब्रेकऐवजी दुसरीकडे पडला, हे मला माहीत नाही. पण तू कोणाला काही सांगितलं नाहीस. अधूनमधून गुपचूप पाणी भरत राहिलास, मग गाडी मला देऊन टाकलीस, घर भाड्यानं देऊन टाकलंस आणि अश्विन "चला" म्हणाला तसा निमूट बॅग भरून निघून गेलास. आम्ही सगळे म्हणालो, वहिनी गेल्या, म्हणून खचला. तू खचला नव्हतास, घाबरला होतास. पलंगावरून पडलेले आणि "पडलो नाही, उतरलो" म्हणणारे पुरुष पेशंट मी शेकड्यांनी पाहिले आहेत. त्यांना मी उचलायचे, आधी झापायचे, मग हाड बघायचे. तर झापून झालं आहे.

कमिटीला काही कळवलेलं नाही. निळा रंग मी रॉकेलनं पुसून टाकला. शाल मात्र तू पांघरू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे.

अश्विन-मिनलला आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
बेबी
(सेवानिवृत्त सिस्टर इनचार्ज)

ता. क. : फेब्रुवारीत तू माझ्याकडे पेपर वाचताना मान वाकडी करून, डावा डोळा पुढं करून वाचत होतास. मी तेव्हा बोलले नाही, ती माझी चूक, आणि ह्या पत्रात माझी म्हणून कबूल केलेली ही एकच. धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझं नाव लावलं आहे, येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी. इंदूबाई खुर्चीत असते ते चार तास मी बाहेर बाकावर नुसती बसून असते, तेव्हा मला काही वेगळा हेलपाटा नाही. वय खरं सांगितलं आहे, डॉक्टरांसमोर कमी करू नकोस.

ता. क. दुसरा : बेंगळुरूहून निघायला कारण काय सांगायचं, ह्याची काळजी करू नकोस. काल तू देवळापर्यंत चालायला गेला होतास तेव्हा मी अश्विनशी बोलून घेतलं आहे. त्याला सांगितलं की गाडी अजून गळते आहे, नागपूरचे सगळे मिस्त्री हरले, माझ्यासारख्या बाईमाणसाला त्यातलं काही कळत नाही आणि कळमेश्वरच्या फोरमनशिवाय हे कोणाला जमायचं नाही. (हे वाक्य बोलायला मला किती कष्ट पडले, ते माझ्या करंगळीला विचार.) तो लगेच म्हणाला, "आत्या, बाबांना पाठवतो, त्यांनाही जरा बरं वाटेल." तिकीट त्यानंच काढलं. वरची खोली झाडून ठेवली आहे. गाडी मी चालवीन, तू शेजारी बसायचं आणि चुका काढायच्या नाहीत. ये, बॉनेट उघड, वामनरावांसमोर गंभीर चेहरा कर. पण लक्षात ठेव, ही गळती कोणालाही सापडलेली नाही, आणि तुलाही ती ऑक्टोबरातल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत सापडता कामा नये.